बोस्टनचा चहा आणि गंगारामाचा चहा

शेतकरी दादा, कारागीर बंधूंनो आणि मायबहिणींनो, आज तुम्हास दोन चहांची हकिकत सांगावयाची आहे. पहिला चहा १७७३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरात समुद्राच्या पाण्यात पडला. दुसरा चहा त्यानंतर दीडशे वर्षे पुरी होण्याच्या आत आपल्या कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडवरील एका लहानशा दुकानात उकळला. पहिल्या चहाची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. ती वाचून पोरे टाळ्या पिटतात आणि पुढारी तीवर व्याख्याने झोडतात. दुसरीची गोष्ट एखाद्या आजोबाने नातवास सांगितली तर सांगितली. परंतु राज्याचा पाया कशास म्हणतात हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने हे दोन्ही चहा एकाच बशीत ओतून पाहिले पाहिजेत.

अमेरिकेचे नाव निघाले की आमचे विद्वान हात जोडून उभे राहतात. काय ते स्वातंत्र्य, काय ती घटना, काय ते थोर संस्थापक! आम्हीही त्या लोकांचे जे चांगले आहे ते चांगलेच म्हणू. पण सत्यशोधनाचा ज्यास नाद लागला तो देवाच्या मूर्तीमागे हात घालून पाहतो. मग माणसांच्या मूर्तींची काय कथा! तेव्हा चला, मागे काय आहे ते पाहू.

इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकलेली वसाहत म्हणजे १६०७ साली व्हर्जिनियात वसलेले जेम्सटाऊन. तेथे १६१९ सालच्या जुलै महिन्यात गावच्या देवळात एक सभा भरली. निरनिराळ्या वस्त्यांनी निवडून दिलेले २२ पंच, गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार असे बसले आणि त्यांनी कायदेकानू केले, पट्टी बसवली. आपल्या खर्चाचे आपण ठरवावयाचे, आपल्यावरील कर आपल्या पंचांनी बसवावयाचा, ही त्या देशातील लोकनियुक्त राज्यकारभाराची पहिली वीट. वाहवा! पण बंधूंनो, त्याच साली, पुढच्याच महिन्यात, त्याच वसाहतीच्या किनाऱ्यास एक जहाज लागले. त्यातून आफ्रिकेतून धरून आणलेली वीसेक काळी माणसे उतरवली गेली आणि त्यांच्या मोबदल्यात जहाजाने धान्यसामुग्री नेली. पंचायत आणि गुलामगिरी अशी एका महिन्याच्या अंतराने एकाच अंगणात जन्मास आली. पुस्तकात पहिल्या बाळाचे बारसे असते. दुसऱ्याचे नाव तळटीपेत जाते.

पीक होते तंबाखूचे. निपाणी-कागलकडील शेतकऱ्यास तंबाखूचे कष्ट सांगावयास नकोत. रोप लावण्यापासून पान वाळेपर्यंत कंबर ताठ होत नाही. हे कष्ट करावयास प्रथम इंग्लंडातील गोरगरीब करार लिहून आणले जात. चार-सात वर्षे राबावयाचे, मग मोकळे. काळ्यांपैकीही काही सुरुवातीस सुटले. पण मालकास सुटणारा मजूर नको असतो. मग कायद्याची कातर चालू लागली. १६६२ साली ठरले की, मूल आईच्या पोटावरून गुलाम किंवा मोकळे समजावे. बाप कोणीही असो, मालक स्वतः का असेना! १६६७ साली ठरले की, काळ्याने ख्रिस्ताचा धर्म घेतला तरी त्याची गुलामगिरी सुटत नाही. १६७० साली मताचा हक्कही जमीनजुमला, घरदार असलेल्यांपुरता आवळला. १६७६ साली बेकन नावाच्या मनुष्याच्या बंडात गोरे आणि काळे मजूर एकत्र उठले, तेव्हा मालकांची झोप उडाली. पुढे गरीब गोऱ्यास चिमूटभर मान आणि काळ्यास जन्माचा जाच, असे दोघांत अंतर पाडणारे कायदे वाढत गेले आणि १७०५ साली त्यांची एक मोठी संहिताच झाली.

आता हे वाचून तुम्हास काही ओळखीचे वाटते काय? जन्मावरून दर्जा, धर्माने न सुटणारा कलंक, आणि तळच्या दोघांत भांडण लावून वरच्याची गादी शाबूत. फरक इतकाच की तेथे हे साल-तारीख घालून दप्तरात लिहिले गेले, म्हणून माणसाने केले हे लपत नाही. आमच्याकडे ते ब्रह्मदेवाच्या तोंडात आणि पायांत घालून ठेवले, म्हणून जाब कोणास विचारावा हे पिढ्यान्‌पिढ्या कळले नाही.

आता चहाकडे येऊ. १७६५ साली विलायतेच्या पार्लमेंटने अमेरिकेतील वसाहतींवर कागदाच्या स्टांपाचा कर बसवला. वसाहतवाले म्हणाले, त्या पार्लमेंटात आमचा एक माणूस नाही, मग आमच्या खिशात हात घालण्याचा तिला अधिकार काय? प्रश्न चोख होता. पुढे १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा चहा आला. होय, तीच कंपनी, जी त्या वेळी बंगालचा सारा वसूल करीत होती आणि पुढे १८१७ साली पुण्यात घुसली. १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या लोकांनी तिच्या चहाच्या तीनशे चाळीसवर पेट्या फोडून समुद्रात ओतल्या. त्या गर्दीत मोची होते, सुतार होते, उमेदवारी करणारी कारागिरांची पोरे होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण स्वातंत्र्य केवळ वकिलांच्या जिभेने मिळते असे ज्यांस वाटते त्यांनी ऐकावे. १७७६ च्या जानेवारीत ज्याच्या लहानशा पुस्तकाने साऱ्या वसाहती पेटल्या तो टॉमस पेन इंग्लंडातील चोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. स्वतःही तोच धंदा शिकलेला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा रॉजर शेर्मन जोडे शिवून वर आलेला. बेंजामिन फ्रँकलिन मेणबत्त्या-साबण करणाऱ्याचा मुलगा आणि पेशाने छापखानेवाला. ज्या देशात जोडे शिवणारा हात राज्याच्या कागदावर सही करतो, त्या देशापासून आम्हास शिकण्यासारखे आहे, यात संशय नाही.

पण ४ जुलै १७७६ च्या त्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान जन्मली असे ज्याच्या लेखणीने लिहिले, त्या टॉमस जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्याने मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराची निंदा करणारा मजकूर घातला होता, तोही बाकीच्यांनी काढून टाकविला. राजाने आमच्यावर पट्टी बसवू नये, पण आम्ही माणसाच्या पाठीवर चाबूक ओढावा! ज्या तोंडाने न्याय मागितला त्याच तोंडाने तो नाकारला.

कोणी म्हणेल, अहो, काळच तसा होता. आजच्या मापाने त्यांस मोजू नका. ठीक, त्याच काळाच्या मापाने मोजू. मॅसॅच्युसेट्स प्रांताने १७८० साली आपली घटना केली आणि तीत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असे लिहिले. तेथे एका घरी बेट नावाची गुलाम बाई राबत होती. तिला अक्षर येत नव्हते. पण मालकांच्या बोलण्यातून हे शब्द तिच्या कानी पडले. ती वकिलाकडे गेली आणि म्हणाली, मग मी कोण? १७८१ साली कोर्टाने तिला मोकळी केली. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले आणि पुढे त्या प्रांतात गुलामगिरीच कोर्टात टिकेनाशी झाली. पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामगिरी हळूहळू बंद करण्याचा कायदा केला होता. तेव्हा काळास बोल लावू नका. निरक्षर बाईस जे कळले ते शहाण्यांस कळले नाही असे नव्हे. त्यांस ते परवडत नव्हते.

लढाई झाली. १७८१ साली यॉर्कटाऊनला इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. हाच गृहस्थ पुढे १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९३ साली बंगालची जमीन कायमची जमीनदारांच्या नावे बांधून कुळांच्या गळ्यास फास घालून गेला. अमेरिकेच्या शेतकऱ्याने सोडविलेला फास कोणाच्या गळ्यात पडला, हेही ध्यानात असू द्या.

पण त्या अमेरिकन शेतकऱ्याचा तरी फास सुटला काय? मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी लढाईवरून घरी आले ते कर्ज घेऊनच. सरकार सारा रोकड नाण्यात मागे, सावकार रोकड मागे, आणि नाणे तर गावात दिसेना. कोर्टे भराभर हुकूमनामे देऊन जमिनी-जनावरे जप्त करू लागली, माणसे कर्जापायी तुरुंगात पडली. तेव्हा १७८६ साली डॅनियल शेज वगैरे जुन्या शिपायांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी कोर्टांपुढे ठाण मांडून त्यांचे कामकाज बंद पाडले. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभारली आणि १७८७ च्या आरंभी हे बंड मोडले. आमच्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जखते काढून त्यांची होळी केली, त्याचीच ही मोठी बहीण. सुप्याच्या बंडानंतर सरकारने चौकशी करून १८७९ साली शेतकऱ्यांस थोडे हलके करणारा कायदा तरी केला. अमेरिकेत पैसेवाल्यांनी निराळाच धडा घेतला: प्रांतिक पंचायती रयतेच्या फार कह्यात जातात, तेव्हा वर एक बळकट सरकार पाहिजे.

त्या १७८७ सालच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियास ५५ गृहस्थ दारे-खिडक्या लावून बसले आणि सप्टेंबरात ३९ जणांच्या सह्यांनी घटना बाहेर आली. आरंभच 'आम्ही लोक' असा. आता ह्या लोकांत कोण आले? बाई नाही, गुलाम नाही, मूळचे तांबडे रहिवासी नाहीत, आणि बहुतेक प्रांतांत जमीन किंवा मत्ता नसलेला गोरा गरीबही नाही. बरे, गुलामास वगळले म्हणावे तर तेही नाही! कोणत्या प्रांतास प्रतिनिधी किती हे माणसांच्या मोजणीवर ठरणार होते. दक्षिणेचे मालक म्हणाले, आमचे गुलाम मोजा. मत देताना जनावर, मोजताना माणूस! शेवटी तोड निघाली की पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरावी.

शेतकरी दादा, हा हिशेब नीट समजून घे. ज्या मुलखात पन्नास हजार गुलाम, तेथील मालकांच्या पारड्यात तीस हजार माणसांचे वजन फुकट पडले. गुलामाच्या डोक्याने मालकाची खुर्ची उंच झाली आणि त्या खुर्चीवर बसून मालकाने गुलामाच्या पायात बेडी घट्ट केली. १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत सुमारे ३९ लाख लोकांत ७ लाखांच्या आसपास गुलाम होते. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे आणि ते चौघेही गुलामांचे मालक, हे काय उगीच? गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही आणि पळालेला गुलाम परत दिला पाहिजे, हीही कलमे घातली. इतके करून गुलाम हा शब्द कागदावर येऊ दिला नाही. 'इतर व्यक्ती' म्हटले. पाप करणाऱ्यास पापाच्या नावाची लाज असते, पापाची नसते.

हे व्याज कोणी फेडले? १८६१ ते १८६५ घरातल्या घरात लढाई होऊन सहा लाखांवर माणसे मेली, तेव्हा १८६५ साली गुलामगिरी कायद्याने उठली. १८७० साली काळ्या पुरुषास मत मिळाले, आणि परीक्षा, कर व दहशत लावून दक्षिणेत ते पुन्हा हिरावले गेले. १९६५ च्या कायद्याने ते खरे हाती आले. बायांस देशभर मत मिळावयास १९२० साल उजाडले. आधी राज्य मिळवू, घरचा अन्याय मग पाहू, असे म्हणणारास अमेरिकेने उत्तर दिले आहे. ते 'मग' यावयास १७७६ पासून ८९ वर्षे आणि रक्ताच्या नद्या लागल्या.

आमच्या जोतीराव फुल्यांनी हे फार लवकर ओळखले. तरुणपणी त्यांनी त्याच टॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरील पुस्तक वाचले होते. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली. लक्षात घ्या: चहा ओतणाऱ्यांस नव्हे, बेडी तोडणाऱ्यांस. कोणाची आरती करावी हे त्या माळ्याच्या मुलास बरोबर समजले होते.

कोल्हापुरात तोच प्रश्न शाहू महाराजांपुढे आला. १८९४ साली ते गादीवर बसले तेव्हा दरबारच्या सामान्य कारभारातील ७१ जागांपैकी ६० एका जातीकडे. रयत सारा भरी आणि एकच जात दप्तर चालवी. प्रतिनिधीवाचून कर तो हाच नव्हे काय? २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांस देण्याचा हुकूम काढला. ओरड केवढी झाली! १९१७ साली अथणीच्या सभेत खुद्द लोकमान्य टिळकांनी, तेली-तांबोळ्यांस कायदे कौन्सिलात जाऊन काय करावयाचे आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. स्वराज्य माझा जन्मसिद्ध हक्क म्हणणाऱ्याच्या तोंडी हे शब्द! फिलाडेल्फियाचे बंद दार ते हेच.

येथवर वाचून आमच्या वाचकांनी मिशीस पीळ भरला असेल. थोडे थांबा. दुसरा चहा अजून यावयाचा आहे.

महाराज १९२२ साली निवर्तले. त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही हकिकत. गंगाराम कांबळे नावाचा महार गडी सरकारी पागेत नोकरीस होता. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदातील पाण्यास त्याने हात लावला म्हणून त्यास बेदम मारले. कोणी मारले? भटाने? शेणव्याने? नाही हो. आमच्याच मराठा नोकरांनी मारले! ज्यांस वर वेदोक्ताचा अपमान बोचत होता, त्यांच्याच हाताने खाली पाण्याचा हौद राखला जात होता. महाराजांनी मारणारांस शासन केले, गंगारामास नोकरीतून मोकळे करून पैसे दिले आणि स्वतःचा धंदा कर म्हणाले. गंगारामाने चहाचे दुकान काढले. चहा उत्तम, पण महाराच्या हातचा पिणार कोण? तेव्हा छत्रपतींनी आपली गाडी त्या दुकानापुढे उभी केली, गंगारामाकडून चहा मागवून घेतला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या बड्या मंडळींसही पाजला. बोलणाऱ्याने शंभर ठराव केले असते. येथे एका पेल्यात काम झाले.

बोस्टनवाल्यांनी चहा ओतला तो वरच्यास जाब विचारावयास. महाराजांनी चहा प्याला तो खालच्यास हात द्यावयास. पहिले काम अवघड खरे, पण त्यात आपला लाभ असतो. दुसऱ्यात आपला बडेजाव जातो, म्हणून ते शतपट अवघड. पहिले केले आणि दुसरे टाळले तर काय होते, हे वर सांगितलेच.

त्याच मातीत मार्च १९२० मध्ये माणगावास परिषद भरली. १९१३ ते १९१६ अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः हजर होते. पुढे त्याच आंबेडकरांच्या देखरेखीखाली जी घटना लिहिली गेली, तिने २६ जानेवारी १९५० पासून बाई, बलुतेदार, महार, मांग, भूमिहीन सर्वांस एकदम पुरे मत दिले. पाचात तीन नाही, पाचात पाच. सतराव्या कलमाने अस्पृश्यता आणि तेविसाव्याने वेठबिगार गुन्हा ठरविली. अमेरिकेस जे पावणेदोनशे वर्षांत हप्त्याहप्त्याने साधले ते आम्ही एका कागदावर साधले. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी बजावले होते की राज्यकारणात समता आणि घरादारात विषमता असा हा संसार फार दिवस चालणार नाही.

चालला आहे काय? कोल्हापूरच्या ऊसवाल्या बंधूंनो, तुमच्याच बांधावर पाहा. गळिताचा हंगाम सुरू झाला की बीडकडची बिऱ्हाडे तुमच्या फडात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत बांधलेली. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते, आणि हिशेबात दोघे मिळून एक 'कोयता'! फिलाडेल्फियाच्या शहाण्यांनी पाचाचे तीन केले. आपण दोघांचा एक केला. बाई त्या हिशेबात दिसतच नाही. तिचे पोर पाचटात खेळते आणि त्याची शाळा गावी राहते. हा हिशेब कोणत्या शास्त्रात आहे? कोणत्या ब्रह्मदेवाने लिहिला? आपणच ना? आणि ज्या घरात सून पहाटेपासून रानात असते, त्या घरच्या सातबारावर तिचे नाव किती ठिकाणी आहे?

साखरेला भाव मिळावा म्हणून आपण रस्ता अडवितो, अडवावाच. घामाचे दाम मागणे हा बोस्टनचाच धर्म आहे. पण ऊस ज्याने तोडला त्याच्या उचलीची चौकशी ज्या मोर्चात होत नाही, तो मोर्चा अर्धाच गावाबाहेर पडला असे आम्ही समजतो. येत्या हंगामात आपल्या फडात येणाऱ्या बाईचे नाव विचारा, तिची मजुरी तिच्या नावे मांडावयास मुकादमास व कारखान्यास भाग पाडा, ग्रामसभेत तिच्या मुलाच्या शाळेची गोष्ट काढा आणि आपल्या सुनेचे नाव सातबारावर चढवा. यास फौज लागत नाही, वर्गणी लागत नाही.

आणि फडावरच्या त्या पालापुढे चुलीवर चहा उकळत असेल, तर थांबा, बसा, आणि मागून घ्या. आपल्या छत्रपतींनी तो प्याला होता.